ख्रिस्ती ऐक्याचे शिल्पकार : कार्डिनल ऑगस्टिन बेआ



१८ ते २५ जानेवारी या आठवड्यात आपण ख्रिस्ती ऐक्यासाठी प्रार्थना करतो. यानिमित्ताने आम्ही कार्डिनल बेआ यांचे स्मरण करीत आहोत.

२८ मे १८८१ रोजी जर्मनीतील एका खेड्यात, सुताराच्या घरी त्यांचा जन्म झाला. येशूसंघात दाखल होऊन ते बायबलचे पंडित झाले. १९३० ते १९४९ या काळात ते रोममधील परमगुरूंच्या बायबल संस्थेचे रेक्टर होते. अन्य पंथीयांच्या ऐक्यपरिषदांत भाग घेण्यास १९२८ साली कॅथलिकांना मनाई झाली होती. ऐक्यपरिषदांचे दार बंद होते, अभ्यासाचे मात्र उघडे राहिले. १९३५ साली परमगुरूंच्या परवानगीने बेआ गॉटिंगेन येथे जुन्या कराराच्या परिषदेस गेले आणि प्रोटेस्टंट प्राध्यापकांबरोबर बसले. मतभेद होतेच, पण समोरचा धर्मग्रंथ एकच होता.

१९६० साली परमगुरू तेविसावे जॉन यांनी ख्रिस्ती ऐक्याच्या नव्या सचिवालयाची धुरा ७९ वर्षांच्या बेआंवर सोपवली. १९६३ साली त्यांनी हार्वर्ड विद्यापीठात कॅथलिक व प्रोटेस्टंट अभ्यासकांपुढे व्याख्याने दिली. ईशज्ञान ऐक्याचे भान ठेवून शिकवावे, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली सांगितले. १९६८ साली बायबलच्या संयुक्त भाषांतराची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी १६ नोव्हेंबरला बेआ प्रभूघरी गेले.

इतर पंथीयांविषयी ऐकीव गोष्टी बोलणे सोपे असते. बेआंनी त्यांच्याशेजारी बसून बायबल उघडले. या आठवड्यात आपणही एखाद्या प्रोटेस्टंट कुटुंबासोबत शुभवर्तमानाचा एक अध्याय वाचूया.