रागांच्या नावांचा गुंता सोडवायला वकिली सोडली, पण स्वतःचं नाव मात्र पुस्तकावर टाकलं नाही

छत्रपती संभाजीनगरहून वेरूळला निघालं की वाटेत दौलताबादचा किल्ला लागतो. हीच यादवांची देवगिरी. लोक चांद मिनार बघतात, अंधारीतून वर जातात, फोटो काढतात आणि पुढच्या प्रवासाला लागतात.

याच देवगिरीत 13 व्या शतकात यादव राजा सिंघणाच्या पदरी शार्ङ्गदेव नावाचा अधिकारी होता. घराणं मूळचं काश्मीरचं. त्याने 'संगीत रत्नाकर' हा ग्रंथ लिहिला. त्यात अडीचशेहून जास्त राग आहेत आणि काही ठिकाणी तर सा-रे-ग-म मध्ये चाली लिहून दिल्यात. भैरव, हिंदोल, तोडी ही आजही कानावर पडणारी नावं त्यात सापडतात.

मग अडचण काय? तर नावं तीच राहिली, पण त्या काळचे शुद्ध स्वर म्हणजे आजचे शुद्ध स्वर नव्हेत. त्यामुळे चाल डोळ्यांसमोर लिहिलेली असूनही ती नेमकी कशी गायची हे खात्रीने सांगता येत नाही.

या कुलपाशी जो माणूस येऊन थांबला, तो होता मुंबईचा एक वकील. विष्णू नारायण भातखंडे.

जन्म 10 ऑगस्ट 1860, वाळकेश्वर. कॉलेजात असताना सतार शिकले. 1884 मध्ये पारशी मंडळींच्या गायन उत्तेजक मंडळीत गेले आणि तिथे रावजीबुवा बेलबागकरांकडून धृपदं, तर अली हुसेन आणि विलायत हुसेन यांच्याकडून ख्याल घेतले. 1887 मध्ये एलएलबी झाले. काही काळ कराचीत, मग मुंबईत वकिली केली. पुढे पत्नी गेली, पाठोपाठ मुलगीही गेली. वकिली सुटली आणि उरलेलं आयुष्य गाण्याला दिलं.

तेव्हा दुर्मिळ बंदिश म्हणजे घराण्याची ठेव. उस्ताद ती मुलाला, जावयाला देणार, परक्याला कशाला देतील? आणि मिळालीच तरी प्रश्न संपत नव्हता. बंदिशीला शीर्षक नसतं. ती ओळखायची पहिल्या ओळीवरून, रागावरून आणि तालावरून. आता रागाचं नावच दोन घराण्यांत वेगळं असेल, किंवा नाव एक आणि स्वर वेगळे असतील, तर ती लिहायची कोणत्या पानावर?

आसावरीचंच बघा. ख्याल गाणारे त्यात शुद्ध रिषभ घ्यायचे आणि धृपद गाणारे कोमल. दोघांचाही दावा की आमचीच खरी. आज दुसरीला 'कोमल रिषभ आसावरी' असं लांबलचक नाव आहे, ते या भांडणामुळेच.

1904 मध्ये भातखंडे दक्षिणेत गेले. तिथे एट्टयापुरमला सुब्बराम दीक्षितरांना भेटले. दक्षिणेत व्यंकटमखीच्या 72 मेळांची चौकट होती आणि नाव ठेवायची पद्धत तर कमालच. मेळाच्या नावाची पहिली दोन अक्षरं म्हणजे त्याचा क्रमांक. नाव ऐकलं की क्रमांक कळला, क्रमांकावरून स्वर. पण उत्तरेशी जुळवायला गेलं की पुन्हा घोळ. तिकडची तोडी म्हणजे स्वरांच्या हिशेबाने आपली भैरवी, आणि तिकडचा हिंदोलम् म्हणजे आपला मालकंस!

भातखंड्यांनी उत्तरेसाठी दहा थाट ठरवले आणि नावं दिली प्रसिद्ध रागांचीच: बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी, तोडी. लक्षात ठेवायला सोपं, पण थाट आणि राग एकाच नावाचे झाल्यामुळे विद्यार्थी आजही गडबडतात. आसावरी थाटासाठी त्यांनी शुद्ध रिषभ उचलला, म्हणजे एका बाजूचं नाव कायम केलं. दुसऱ्या बाजूला ते पटणं शक्यच नव्हतं.

त्यांनी निकाल एकट्याने लावायचा नाही असंही ठरवलं होतं. 1916 मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने बडोद्यात पहिली अखिल भारतीय संगीत परिषद झाली. पुढे दिल्ली, बनारस, आणि 1924 व 1925 मध्ये लखनौ. पंडित आणि उस्ताद एकत्र बसवून अमक्या रागाचे स्वर कोणते, यावर वाद घडवून आणायचे. सगळ्या गोष्टींवर एकमत झालं नाही.

गंमत म्हणजे नावांसाठी इतका जीव काढणारा हा माणूस स्वतः लपून राहिला. 1910 चा संस्कृत 'लक्ष्यसंगीत' हा ग्रंथ 'चतुर पंडित' या नावाने आला. मराठीतली 'हिंदुस्थानी संगीत पद्धती' गुरू-शिष्यांच्या संवादातून लिहिली, तीही 'विष्णुशर्मा' या नावाने. स्वतःच्या रचनांमध्ये 'चतुर' आणि 'हररंग' अशा मुद्रा.

'क्रमिक पुस्तक मालिका'च्या सहा भागांत शेकडो बंदिशी छापून आल्या. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी, अशी साधी लिपी. पुस्तक कुणीही विकत घ्यावं आणि शिकावं. पण प्रत्येक बंदिशीखाली ती कोणत्या उस्तादाकडून मिळाली ते दिलेलं नाही. स्वतःचं नाव न लिहिणं हा विनय म्हणता येईल. पिढ्यानपिढ्या ती बंदिश जपणाऱ्याचं नाव सुटणं, हे मात्र खटकतं.

1926 मध्ये लखनौला मॅरिस कॉलेज सुरू झालं, आज ते भातखंड्यांच्या नावाचं विद्यापीठ आहे. शेवटची तीन वर्षं पक्षाघाताने त्यांना अंथरुणाला खिळवलं. 19 सप्टेंबर 1936 ला ते गेले. मालिकेचे शेवटचे भाग मृत्यूनंतर बाहेर आले.

बिलावलच्या प्रकारांमध्ये एक राग आजही गातात. नाव, देवगिरी बिलावल.