न्यायमूर्तींची शाळा

न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांचे स्मरण महाराष्ट्र सहसा दोन कारणांनी करतो. १८८७ साली मद्रासच्या काँग्रेस अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते आणि १८९७ साली राजद्रोहाच्या खटल्यात लोकमान्य टिळकांना जामीन त्यांनीच मंजूर केला. परंतु त्यांच्या आयुष्यातील सर्वांत चिकाटीचे कार्य एका शाळेच्या कारभारात घडले, याचा मात्र विसर पडतो.

१८४४ साली मुंबईतील सुलेमानी बोहरा व्यापारी कुटुंबात जन्मलेले बद्रुद्दीन प्रथम मदरशात, नंतर एल्फिन्स्टनमध्ये आणि पुढे विलायतेत शिकले. १८६७ साली ते बॅरिस्टर होऊन परतले. मुंबईतील ते पहिले हिंदी बॅरिस्टर होत. ही वाट आपल्या समाजातील सामान्य मुलास बंद आहे, हे त्यांनी जाणले. मदरशात धर्मशिक्षण मिळे, पण तेथून विद्यापीठापर्यंत पोहोचता येत नसे; सरकारी शाळेत मुलगा आपल्या धर्माला व भाषेला पारखा होईल, अशी भीती अनेक पालकांना वाटे.

१८७४ साली बंधू कमरुद्दीन व मोहम्मद अली रोगे आदींसह त्यांनी ‘अंजुमन-इ-इस्लाम’ स्थापिली. प्रत्यक्ष शाळा मात्र सहा वर्षांनी, १८८० साली, तीन शिक्षक व १२० विद्यार्थ्यांनिशी सुरू झाली. शाळा काढण्यास सदिच्छा पुरेशी असते. ती टिकविण्यास नियमित निधी, नेटका हिशेब आणि सर्व पंथांचा विश्वास लागतो. प्रथम चिटणीस व पुढे अध्यक्ष या नात्याने तय्यबजींनी हेच सांभाळले. धनिकांच्या देणग्यांना त्यांनी सरकारी अनुदानाची जोड दिली. अनुदानाबरोबर तपासणी येते आणि तपासणीबरोबर अध्यापनाला शिस्त. धर्मशिक्षण, उर्दू आणि इंग्रजी विद्या एका छपराखाली आल्या, तेव्हा पालकांची भीतीही ओसरू लागली. बोरीबंदर स्थानकासमोरील शाळेची भव्य वास्तू १८९० च्या दशकात उभी राहिली, ती या विश्वासाच्या पायावर.

१९०३ साली मुंबईत भरलेल्या मुस्लिम शिक्षण परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी स्त्रीशिक्षणाचा पुरस्कार केला व पडद्याच्या अतिरेकावर टीका केली. तो केवळ परोपदेश नव्हता. स्वतःच्या मुलींना त्यांनी आधीच शिकविले होते.

१९०६ साली लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. संस्था मात्र थांबली नाही. आज तिच्या छत्राखाली शाळांपासून अभियांत्रिकी महाविद्यालयापर्यंतचे शिक्षण दिले जाते. मदरशांच्या सुधारणेची चर्चा आजही बहुधा अभ्यासक्रमापाशीच घोटाळते. तो कोणाच्या विश्वासावर आणि कोणत्या हिशेबावर चालणार, हा प्रश्न तय्यबजींनी आधी सोडविला. शाळेचा दर्जा तेथूनच सुरू होतो.