मलिक अंबर : घर हरवलेला मुलगा



खुलदाबादच्या जियारतीला जाताना आपणांपैकी अनेकांनी औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, पाहिले असेल. खडकी या नावाने ते शहर ज्याने वसविले, तो पुरुष लहानपणी बाजारात विकला गेलेला मुलगा होता, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते.

इ. स. १५४८ च्या सुमारास हबसाण देशात, म्हणजे आजच्या इथिओपियात, एक मुलगा जन्मास आला. त्याचे नाव चापू. आई-बापांनी गरिबीपायी त्याला विकले, असे काही सांगतात. लढाईत तो पकडला गेला, असे दुसरे सांगतात. कसेही असो, त्याचे घर सुटले. त्या काळी अशी हजारो हबशी मुले तांबडा समुद्र ओलांडून गुलाम म्हणून नेली जात. चापू मोखाच्या बाजारात व पुढे बगदादला विकला गेला. तेथील मालकाने त्याला लिहावयास-वाचावयास शिकविले, हिशेब शिकविला आणि अंबर हे नवे नाव दिले. इस्लामही त्याने तेथेच स्वीकारला.

पुढे अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर चंगेजखान याने त्याला विकत घेतले. चंगेजखान स्वतःही एके काळी हबशी गुलामच होता. त्याच्याच कारकिर्दीत, १५७४ मध्ये, आपला वऱ्हाड प्रांत निजामशाहीत आला. राज्यकारभाराचे धडे अंबरने याच धन्याजवळ गिरविले. धनी वारल्यावर त्याच्या विधवेने अंबरला मुक्त केले.

पुढची हकीकत इतिहासाच्या पुस्तकांत आहेच. १६०० मध्ये मोगलांनी अहमदनगर घेतले, तरी अंबरने निजामशाही बुडू दिली नाही. मराठा व हबशी स्वारांना बरोबर घेऊन त्याने गनिमी काव्याने मोगलांना जेरीस आणले. त्याच्या मस्तकावर आपण बाण सोडीत आहोत, असे चित्र जहांगीर बादशहाने काढवून घेतले. प्रत्यक्षात मात्र तो हाती लागला नाही. अंबरने जमिनीची पाहणी करून सारा ठरविला. १६१० मध्ये खडकी वसविली व भूमिगत नहरीने तिला पाणी आणले. १६२४ मध्ये भातवडीची लढाई जिंकली. १६२६ मध्ये तो वारला. खुलदाबादला त्याची कबर आहे.

वाचकहो, एवढे वैभव मिळाले, पण आई-बापांची भेट झाल्याची नोंद इतिहासात कोठेही नाही. नाव बदलले, भाषा बदलली, धनी बदलले. घरी परतण्याची वाटच पुसली गेली. एक अंबर वजीर झाला. त्याच्याबरोबर विकल्या गेलेल्या इतर मुलांची नावेसुद्धा उरली नाहीत. म्हणून त्याचा मोठेपणा पाहून, मूल दूर धाडले तर त्याचे भले होते, असा अर्थ कोणी काढू नये. तो मोठा झाला तो विकला गेल्यामुळे नव्हे. त्याला विद्या मिळाली आणि तिचे त्याने चीज केले, म्हणून.

हे मी का लिहितो? दिवाळीनंतर हजेरी घेताना वर्गातील काही जागा रिकाम्या दिसतात. कोणी आई-बापांबरोबर वीटभट्टीवर गेलेला असतो, कोणाला ओळखीचा माणूस कामासाठी शहरात घेऊन जातो. पालकांनो, घरची अडचण मी जाणतो. तरी मूल कोणाच्या हवाली करण्यापूर्वी शाळेत येऊन एकदा बोला. आपल्या मुलाला त्याचे पूर्ण नाव, वडिलांचे नाव, गाव, तालुका व जिल्हा पाठ करून घ्या. मूल हरवले तर पोलिसांत ताबडतोब तक्रार द्या. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांकही घरात लिहून ठेवा.

आणि मित्रांनो, तुमच्या शेजारची जागा चार दिवस रिकामी दिसली, तर गुरुजींना जरूर सांगा. चापूची चौकशी करणारे कोणी नव्हते. तुमच्या सोबत्याची चौकशी करणारे तुम्ही आहात.