परवानगीच्या राज्यातील संन्यासी

हिंदुस्थान १५ ऑगस्ट १९४७ रोजी स्वतंत्र झाला आणि आपला जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ रोजी. मधल्या तेरा महिन्यांत आपल्या आजोबा-पणजोबांनी जे भोगले ते शाळेच्या पुस्तकात चार ओळींत आटोपते. पण त्या तेरा महिन्यांच्या मागे सव्वादोनशे वर्षांची निजामी राजवट उभी होती, आणि तिच्यासमोर जी माणसे उभी राहिली त्यांत भगवी वस्त्रे घातलेला एक शिक्षक होता. त्यांचे नाव स्वामी रामानंद तीर्थ. नांदेडचे विद्यापीठ आणि अंबाजोगाईचे वैद्यकीय महाविद्यालय यांना त्यांचे नाव दिलेले आहे. परंतु हे स्वामीजी आपल्याच जिल्ह्यातील एका खेड्यात मुलांना शिकवीत होते, ही गोष्ट आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसेल. म्हणून हा लेखनप्रपंच.

स्वामीजींचे चरित्र समजून घ्यायचे तर त्यांनी ज्या राज्यात पाऊल ठेवले ते राज्य कसे होते हे आधी पाहिले पाहिजे. हैदराबाद संस्थान सुमारे ८२ हजार चौरस मैलांचे, सोळा जिल्ह्यांचे. १९४१ च्या शिरगणतीत त्याची लोकसंख्या एक कोटी त्रेसष्ट लाखांच्या घरात होती. संस्थानाचा स्वतःचा हाली सिक्का होता, स्वतःचे टपाल होते, स्वतःची रेल्वे होती, फौज होती. प्रजेची भाषा मराठी, तेलुगू किंवा कन्नड. कचेरीची भाषा मात्र उर्दू. आपल्या शहराला धाराशिव हे जुने नाव २०२३ साली अधिकृतपणे परत मिळाले; त्याआधीचे उस्मानाबाद हे नाव याच संस्थानाचे शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान यांच्यावरून पडलेले होते. ते १९११ मध्ये गादीवर आले. जगातील सर्वांत श्रीमंत माणसांत त्यांची गणना होत असे, आणि त्यांच्या राज्यातील कुळाच्या घरात मात्र दिव्याला तेल नसे.

जमीन तीन प्रकारची होती. दिवाणी म्हणजे सरकारी, सर्फेखास म्हणजे खुद्द निजामाच्या खासगी खर्चासाठी राखलेली, आणि जागिरी म्हणजे सरदार-अमीरांना तोडून दिलेली. जागिरीतल्या रयतेचे हाल सर्वांत वाईट. सारा किती घ्यायचा, वेठ किती दिवस राबवायची, याला धरबंध नव्हता. साहेबाचा दौरा आला की गाड्या, चारा, कोंबड्या, दूध गावाने फुकट पुरवायचे. ओझी वाहायची ती गावकुसाबाहेरच्या माणसांनी. युद्धाच्या काळात धान्याची लेव्ही आली. लेव्हीचा आकडा कागदावर चढवणारा कलम हातात धरून बसलेला असे, आणि त्या कलमाची किंमत ज्याला परवडे त्याचे धान्य घरात राही. माझी आजी सांगते, की अंगणातल्या पेवावर शेणाचा सडा टाकून वर जनावरे बांधत, म्हणजे लेव्हीवाल्यांना खालची ज्वारी कळू नये. स्वतः पिकवलेली ज्वारी माणसाने चोरासारखी लपवायची, यावरून त्या राज्याची कल्पना यावी.

या साऱ्याविरुद्ध दाद का मागितली जात नव्हती? दाद मागण्यालाच बंदी होती, हे त्याचे उत्तर. गश्ती निशान ५३ या नावाने मराठवाड्यात कुप्रसिद्ध झालेले एक फर्मान होते. त्यानुसार सरकारची आगाऊ परवानगी घेतल्यावाचून सभा भरवता येत नसे. खासगी शाळा काढायची तर परवानगी, आखाडा काढायचा तर परवानगी. बाहेरच्या कित्येक वर्तमानपत्रांना संस्थानात प्रवेश नव्हता. मला वाटते, लाचलुचपत आणि जुलूम यांचे मूळ इथेच आहे. लाच खाणारा माणूस सगळ्याच राज्यांत सापडतो. पण जिथे त्याच्याविषयी चारचौघांत बोलणे हाच गुन्हा ठरतो, तिथे लाच ही राज्याची रीतच होऊन बसते.

अशा राज्यात स्वामीजी आले ते आपणहून. त्यांचा जन्म ३ ऑक्टोबर १९०३ चा, विजापूर जिल्ह्यातील सिंदगीचा, म्हणजे ब्रिटिश मुलखातला. मूळ नाव व्यंकटेश भवानराव खेडगीकर. शाळेचे शिक्षण सोलापुरात चालू होते. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळक गेले, तेव्हा हा सतरा वर्षांचाही नव्हता. त्याने आजन्म ब्रह्मचारी राहून देशसेवा करण्याची शपथ घेतली. असहकाराच्या हाकेसरशी सरकारी शाळा सुटली. पुढे अमळनेर आणि पुण्याचे टिळक महाराष्ट्र विद्यापीठ अशा राष्ट्रीय संस्थांत त्यांनी शिक्षण पुरे केले. त्यानंतर कामगार पुढारी ना. म. जोशी यांचे ते चिटणीस होते. गिरणी कामगारांचे प्रश्न त्यांनी तिथे जवळून पाहिले. पुढे संन्यास घेतल्यावरही त्यांच्या तोंडी मोक्षापेक्षा भाकरीची भाषा अधिक का असे, त्याचा उलगडा मला इथे होतो.

१९२९ मध्ये ते हिप्परग्याला आले. हे हिप्परगा आज आपल्या लोहारा तालुक्यात आहे. व्यंकटराव देशमुख आणि अनंतराव कुलकर्णी यांनी १९२१ साली तिथे राष्ट्रीय शाळा काढली होती. स्टेशन नाही, पक्की सडक नाही, अशा आडगावी मुलांना मराठीतून शिकवायचे, सूत काततानाच देशाचा इतिहास सांगायचा, एवढेच त्या शाळेचे काम. पण परवानगीच्या राज्यात एवढेही काम धोक्याचे असते. इथेच खेडगीकर गुरुजींनी संन्यासदीक्षा घेतली आणि ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. संन्यासी म्हटला की तो डोंगरात जातो, हे संन्यासी पुन्हा वर्गात गेले. १९३५ मध्ये बाबासाहेब परांजपे यांच्यासारख्या सहकाऱ्यांसह ते अंबाजोगाईला, म्हणजे तेव्हाच्या मोमिनाबादला गेले आणि योगेश्वरी नूतन विद्यालयाचे काम त्यांनी उभे केले. त्या शाळेतून बाहेर पडलेली मुले पुढे तुरुंगात दिसू लागली, हा त्या शिक्षणाचा निकाल म्हणावा लागेल.

१९३७ साली परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले आणि स्वामीजी शाळेतून राजकारणात ओढले गेले. पुढच्याच वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन व्हायची होती. सरकारने ती रीतसर जन्माला येण्याआधीच, सप्टेंबर १९३८ मध्ये, तिच्यावर बंदी घातली. २४ ऑक्टोबरपासून सत्याग्रह सुरू झाला. स्वामीजींनीही सत्याग्रह केला, त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. त्याच हिवाळ्यात औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजच्या आणि हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी वसतिगृहात वंदे मातरम् म्हणण्याचा हट्ट धरला, आणि त्यापायी शेकडो विद्यार्थ्यांची नावे पटावरून कमी झाली. नागपूर विद्यापीठाने त्यांतल्या पुष्कळांना आसरा दिला. माझ्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. पटावर नाव चढणे म्हणजे काय हे अशा घरातल्या मुलीला वेगळे सांगावे लागत नाही. म्हणून ते नाव जाऊ देणाऱ्या त्या मुलांचे मला फार मोल वाटते.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. त्याच वेळी संस्थानात आर्य समाज आणि हिंदू महासभा यांचाही सत्याग्रह चालू होता. स्टेट काँग्रेसची मागणी जबाबदार राज्यपद्धतीची, सर्व धर्मांच्या प्रजेसाठी होती. दोन्हींची सरमिसळ होऊन आपल्या लढ्याला धार्मिक रंग चढू नये, म्हणून गांधीजींच्या सल्ल्याने स्टेट काँग्रेसने दोन महिन्यांतच आपला सत्याग्रह मागे घेतला. माणसे तुरुंगात असताना असा निर्णय पचवणे सोपे नसते. तो पचवला गेला, कारण लढा राजवटीशी आहे, कुणाच्या धर्माशी नाही, ही गोष्ट स्वामीजींसारख्यांच्या मनात पक्की होती.

१९४० चा वैयक्तिक सत्याग्रह, १९४२ ची चळवळ, दोन्ही वेळा स्वामीजी पुन्हा गजाआड. स्टेट काँग्रेसवरील बंदी १९४६ च्या जुलैत उठली. जून १९४७ मध्ये हैदराबादेत तिचे मोठे अधिवेशन झाले, स्वामीजी अध्यक्ष होते. निजामाने तर स्वतंत्र राहण्याचे जाहीर केले होते. ७ ऑगस्टला भारतात सामील व्हा दिन पाळण्यात आला, आणि देश स्वतंत्र होत होता त्याच १५ ऑगस्टला स्वामीजींना अटक झाली. नोव्हेंबरच्या अखेरीस जैसे थे करार झाला तेव्हा ते सुटले. दिल्लीला जाऊन आले. आणि २६ जानेवारी १९४८ रोजी पुन्हा पकडले गेले.

आता रझाकारांविषयी. रझाकार संघटनेचा पुढारी कासीम रझवी हा लातूरचा वकील, आणि लातूर तेव्हा आपल्याच जिल्ह्यात होते. खाकी कपडे, हाती बंदूक-तलवार, आणि पाठीशी पोलीस. मग विचारणार कोण? गावे लुटली, घरे जाळली, बायाबापड्यांची विटंबना झाली. शेजारच्या बीदर जिल्ह्यातील गोरटा येथे तर मे १९४८ मध्ये सामूहिक हत्याकांड झाले. आपल्या भागातली माणसे गाठोडी घेऊन बार्शी-सोलापूरच्या वाटेला लागली. जुलमाने धर्म पाहिला असेही नाही. इमरोज या उर्दू पत्राचा तरुण संपादक शोएबुल्ला खान याने रझाकारांविरुद्ध आणि भारतात सामील होण्याच्या बाजूने लिहिले, म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादच्या रस्त्यावर त्याचा खून करण्यात आला. लिहिणारा हातही तोडण्यात आला.

स्वामीजी तुरुंगात असताना लढ्याची सूत्रे दिगंबरराव बिंदू यांच्या अध्यक्षतेखालील कृती समितीकडे होती. सरहद्दीवर ठिकठिकाणी कॅम्प उभे राहिले, तरुणांनी हाती शस्त्रे घेतली, नाकी उडवली, करोडगिरीच्या चौक्या पेटवल्या. अहिंसेवर श्रद्धा असलेल्या संन्याशाच्या संघटनेत हे कसे बसले, असा प्रश्न आपल्याला पडतो आणि तो पडावाच. गावावर चालून आलेल्या बंदुकीपुढे बायकापोरांना उघडे टाकणे त्यांना अहिंसा वाटली नाही, एवढेच त्यांच्या वागण्यावरून दिसते.

१३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे भारतीय फौजा सोलापूरकडून आपल्या जिल्ह्यात शिरल्या. नळदुर्ग पहिल्याच दिवशी ताब्यात आले. चार-पाच दिवसांत निजाम शरण आले, आणि त्याच १७ तारखेला स्वामीजी तुरुंगाबाहेर आले.

सामान्यतः गोष्ट इथे संपवतात. मला ती इथे संपवणे बरोबर वाटत नाही. पोलीस कारवाईनंतर अनेक गावांत सूड उगवला गेला, आणि रझाकारांशी काडीचा संबंध नसलेली कित्येक मुसलमान कुटुंबे त्यात सापडली. भारत सरकारने पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांच्यासह एक समिती पाठवली. नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये ती संस्थानभर हिंडली. तिच्या अंदाजाप्रमाणे मृतांचा आकडा सत्तावीस ते चाळीस हजारांच्या दरम्यान होता, आणि सर्वांत जास्त झळ लागलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचे नाव होते. तो अहवाल कित्येक दशके लोकांसमोर आला नाही. रझाकारांचे अत्याचार खरे, आणि हेही खरे. एकाने दुसऱ्याची फेड होत नाही. निजामाच्या राज्यात सत्य दडपले जाई म्हणून आपण ते राज्य वाईट म्हणतो. मग आपल्या बाजूचे सत्य आपणच दडपून कसे चालेल? धर्म पाहून माणसाचा गुन्हा ठरवायचा नाही, ही स्वामीजींच्या लढ्यामागची जाण त्या काही आठवड्यांत गावोगाव पायदळी तुडवली गेली, असेच म्हणावे लागते.

पुढे निजाम राजप्रमुख झाले आणि १९५६ पर्यंत त्या पदावर राहिले. स्वामीजी मात्र ना मंत्री झाले, ना राज्यपाल. १९५२ मध्ये गुलबर्ग्याहून आणि १९५७ मध्ये औरंगाबादहून ते लोकसभेवर निवडून गेले. हैदराबाद राज्य भाषेप्रमाणे विभागले जावे यासाठी ते झटले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मराठी मुलखाला जोडला गेला. भूदानात हिंडले, खादीचे काम केले, आणि १९५० मध्ये नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले त्यालाही त्यांचाच आधार होता. मराठवाड्यातल्या खेड्यातल्या पोराला कॉलेज जवळ यावे, ही हिप्परग्याच्या गुरुजींची जुनीच तळमळ. २२ जानेवारी १९७२ रोजी हैदराबादेत त्यांचे देहावसान झाले. मागे घर नाही, जमीन नाही, वारस नाही.

राज्यशास्त्राच्या तासाला आम्ही मूलभूत हक्क शिकतो. कलम १९ मध्ये सभा भरवण्याचे आणि बोलण्याचे स्वातंत्र्य आहे. गश्ती निशान ५३ त्याने पुसले गेले. कलम २३ मध्ये वेठबिगारीला मनाई आहे. ही कलमे २६ जानेवारी १९५० रोजी लागू झाली. बरोबर दोन वर्षांपूर्वी त्याच तारखेला स्वामीजींना शेवटची अटक झाली होती. परीक्षेला ही कलमे पाच गुणांना येतात. आपल्या जिल्ह्यात त्यांची किंमत माणसांनी आधी मोजलेली आहे, हे ध्यानात ठेवून ती वाचली तर ती पाठ करावी लागत नाहीत.

२००५ पासून माहितीचा अधिकारही आपल्याला आहे. कचेरीत कागद अडला तर का अडला हे लेखी विचारता येते, आणि त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. तरीही आपल्यापैकी किती जण विचारतात? गावात कुणी विचारले तर त्याला शहाणा म्हणून हसणारेच अधिक. निजाम गेला, जागिरी गेल्या, हाली सिक्का संग्रहालयात जाऊन बसला. साहेबासमोर मान खाली घालण्याची सवय मात्र कुठल्या फौजेला घालवता येत नाही. ती शाळेत घालवावी लागते, म्हणून स्वामीजी आधी शिक्षक झाले आणि मग पुढारी.