साताऱ्यात जन्मलेला कीटकांचा चरित्रकार

पावसाळ्यात कोल्हापूरहून आंबोलीमार्गे गोव्याकडे निघालेला प्रवासी धबधबे आणि धुके पाहत घाट उतरतो. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी याच सह्याद्रीच्या कुशीत, पोर्तुगीज गोवा आणि ब्रिटिश मुलूख यांच्या सीमेवर जकातीची नाकी होती आणि तेथील कर्मचाऱ्यांना हिवतापाने ग्रासले होते. १९०२ मध्ये या तापाचा शोध घेऊन उपाय सुचविण्याची कामगिरी सरकारने जकात व मीठ खात्यातील एका अधिकाऱ्यावर सोपविली. ते वैद्य नव्हते. परंतु कीटकांच्या जीवनक्रमाचे निरीक्षक म्हणून त्यांची ख्याती होती. एडवर्ड हॅमिल्टन एटकेन हे त्यांचे नाव. इंग्रजी वाचक त्यांना ‘ईएचए’ या आद्याक्षरांनीच ओळखत.

एटकेन यांचा जन्म १६ ऑगस्ट १८५१ रोजी सातारा येथे झाला. वडील स्कॉटिश मिशनरी होते आणि मुलाचे शिक्षण त्यांनीच मुंबई-पुण्यात केले. मुंबई विद्यापीठाची पदवी घेतल्यानंतर एटकेन यांनी काही वर्षे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात लॅटिन शिकविले. १८७६ मध्ये ते जकात व मीठ खात्यात दाखल झाले. खारघोडा, उरण, रत्नागिरी, उत्तर कानडा, गोव्याची सीमा अशा बदल्यांमुळे मिठागरांपासून घनदाट अरण्यापर्यंतचा प्रदेश त्यांनी पायाखाली घातला.

१८८३ हे वर्ष त्यांच्या आयुष्यात महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी त्यांचे ‘द ट्राइब्ज ऑन माय फ्रंटियर’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. शीर्षकातील ‘टोळ्या’ म्हणजे बंगल्याच्या आसपास वावरणाऱ्या मुंग्या, डास, मधमाश्या, गांधीलमाश्या, कोळी, पाली आणि कावळे! विनोदी शैलीआड सूक्ष्म निरीक्षण दडलेले होते. त्याच वर्षी १५ सप्टेंबर रोजी मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. तिच्या आठ संस्थापकांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन यांच्यासह एटकेन होते. संस्थेचे पहिले मानद चिटणीसपद त्यांनी सांभाळले आणि १८८६ मध्ये सुरू झालेल्या नियतकालिकाच्या संपादनातही त्यांचा वाटा होता.

त्या काळी कीटकशास्त्र म्हणजे बहुधा मेलेली फुलपाखरे टाचणीने टोचून त्यांना नावे देणे. एटकेन यांची ओढ जिवंत कीटकांकडे होती. उत्तर कानडा जिल्ह्यात जेम्स डेव्हिडसन आणि वनाधिकारी टी. आर. बेल यांच्यासमवेत त्यांनी फुलपाखरांच्या अळ्या पाळल्या. मादी कोणत्या झाडावर अंडी घालते, अळी कोणती पाने खाते, कोष कसा बांधते, हे तिघांनी जातवार नोंदविले. त्यांचा प्रबंध १८९६-९७ मध्ये संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. कीटक, वनस्पती आणि परिसर यांचे नाते उलगडणाऱ्या या कार्याला आज आपण परिस्थितिविज्ञान म्हणतो. याच प्रदेशातील भटकंतीतून त्यांचे ‘अ नॅचरलिस्ट ऑन द प्राउल’ हे पुस्तक १८९४ मध्ये साकारले.

हीच दृष्टी हिवतापाच्या तपासात उपयोगी पडली. १८९७ मध्ये रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबाद येथे हिवतापाचा डासांशी असलेला संबंध सिद्ध केला होता. मात्र प्रत्येक डास दोषी नसतो. कोणती जात कोणत्या पाण्यात वाढते, हे कळल्याखेरीज उपाय करणार कोठे? सीमेवरील या शोधात एटकेन यांना अ‍ॅनाफिलीस डासाची एक नवी जात आढळली आणि मेजर जेम्स यांनी तिला ‘अ‍ॅनाफिलीस एटकेनाय’ असे नाव दिले. अरण्यातील सावलीच्या ओहोळांत वाढणारी ही जात माणसात हिवताप पसरवीत नाही, असे पुढील संशोधनातून दिसून आले. तरीही त्या शोधाचे मोल उणावत नाही. कारण दोषी डास ओळखायचा, तर निर्दोष डासांचीही ओळख पटावी लागते.

एटकेन यांच्या चरित्राला दुसरी बाजूही आहे. ज्या मिठाच्या कराने गरिबांचे ताट अळणी केले, त्या कराच्या यंत्रणेत त्यांनी आयुष्य वेचले. बंगल्यातील देशी नोकरांची त्यांनी रंगविलेली चित्रे आज वाचताना साहेबी तोरा खटकल्यावाचून राहत नाही. मुंगीकडे पाहताना त्यांनी जी बरोबरीची आस्था दाखविली, ती माणसांच्या वाट्याला नेहमीच आली नाही.

पुढे कराचीत जकातीचे प्रमुख अधिकारी म्हणून काम केल्यावर त्यांनी सिंध प्रांताच्या गॅझेटिअरचे लेखन हाती घेतले. १९०६ मध्ये निवृत्त होऊन ते एडिंबरोला गेले आणि १९०९ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले. पश्चिम घाटातील कोणते फुलपाखरू कोणत्या झाडावर विसंबून आहे, हे शोधणाऱ्या आजच्या अभ्यासकाला त्या तिघांच्या जुन्या नोंदी उघडाव्याच लागतात. झाड तुटले की त्यावर कोणाचे जगणे तुटते, हे त्या नोंदींत लिहिलेले आहे.