ज्यानं टोर्नेडोचा अंदाज द्यायला सुरुवात केली, त्याच्या खात्यानं ‘टोर्नेडो’ या शब्दावरच बंदी घातली

आज हवामानाचा अंदाज चुकला की मीम्स फिरतात. पण अमेरिकेत एकेकाळी अंदाजात ‘टोर्नेडो’ हा शब्दच वापरायचा नाही, असा नियम होता. ही बंदी ज्याच्या कामावर आली तो माणूस म्हणजे जॉन पार्क फिनली.

फिनलीचा जन्म १८५४ चा, मिशिगन राज्यातला. १८७७ साली तो सैन्याच्या सिग्नल सेवेत भरती झाला. तेव्हा अमेरिकेत हवामानाचं काम सैन्याकडेच होतं. १८७९ मध्ये कॅन्सस आणि आसपासच्या भागात टोर्नेडोंनी धुमाकूळ घातला आणि पाहणीसाठी फिनलीला पाठवण्यात आलं.

तिथून त्याला नादच लागला. जुन्या नोंदी गोळा करून त्यानं ६०० टोर्नेडोंचा अहवाल तयार केला. गावोगावी माहिती कळवणारे स्वयंसेवक नेमले. दक्षिणेची उबदार, दमट हवा आणि उत्तरेची थंड हवा जिथं भिडते तिथं धोका वाढतो, हे तो तारेनं आलेल्या नोंदींच्या नकाशावर शोधायचा.

मार्च १८८४ मध्ये त्यानं प्रायोगिक अंदाज सुरू केले. तीन महिन्यांत २,८०३ अंदाज झाले आणि त्यातले ९६.६ टक्के बरोबर आले, असा त्याचा दावा होता.

पण इथंच गोम होती. यातले बहुतेक अंदाज ‘टोर्नेडो होणार नाही’ असे होते. ‘होणार’ असं १०० वेळा सांगितलं, त्यात २८ वेळा खरं ठरलं. आणखी २३ वेळा टोर्नेडो न सांगताच आला. रोज डोळे झाकून ‘होणार नाही’ म्हटलं असतं तरी ९८.२ टक्के गुण मिळाले असते, हे भूगर्भशास्त्रज्ञ गिल्बर्ट यांनी दाखवून दिलं.

टीकेत तथ्य होतं. पण धोक्याच्या ५१ प्रसंगांपैकी २८ आधी ओळखले होते, हेही तितकंच खरं. वरिष्ठांना मात्र वेगळीच भीती होती. हा शब्द ऐकून लोक घाबरतील, वादळापेक्षा पळापळीनंच जास्त नुकसान होईल. १८८० च्या दशकातच अंदाजातून हा शब्द हद्दपार झाला आणि पुढची सुमारे ५० वर्षं बाहेरच राहिला.

फिनली पुढे सैन्यातच राहिला, फिलिपिन्समध्ये प्रशासक झाला. १९४३ साली तो वारला.

त्यानंतर पाचच वर्षांनी, २५ मार्च १९४८ रोजी, ओक्लाहोमातल्या टिंकर हवाई तळावर दोन लष्करी अधिकाऱ्यांनी टोर्नेडोचा इशारा दिला. संध्याकाळी टोर्नेडो खरंच आला. १९५२ पासून असे अंदाज सामान्य लोकांनाही मिळू लागले.

ते बघायला फिनली नव्हता.