प्रसिद्धिपराङ्मुख संशोधक : डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव

हत्तीरोगावर दिली जाणारी डायइथाइलकार्बामाझिनची गोळी, गरोदर स्त्रियांना दिली जाणारी फॉलिक आम्लाची गोळी आणि रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या बालकाला दिले जाणारे मेथोट्रेक्सेट ही तीन औषधे वरवर पाहता एकमेकांपासून फार दूरची वाटतात. त्यांचे रोग वेगळे, रुग्ण वेगळे. परंतु या तिन्ही औषधांच्या इतिहासात एका भारतीय संशोधकाचे नाव येते. ते नाव म्हणजे डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव.

सुब्बारावांचा जन्म १२ जानेवारी १८९५ रोजी तेव्हाच्या मद्रास इलाख्यातील भीमावरम या गावी झाला. घरची परिस्थिती बेताची होती आणि भावंडे पुष्कळ होती. लहानपणी त्यांचे अभ्यासात मुळीच लक्ष नसे. वयाच्या तेराव्या वर्षी, काशीला जाऊन यात्रेकरूंना केळी विकावीत आणि श्रीमंत व्हावे, अशा विचाराने ते घरातून पळून गेले. आईने, व्यंकम्मांनी, त्यांना वाटेतूनच परत आणले. मॅट्रिकच्या परीक्षेत ते दोनदा नापास झाले. वडील निवर्तले, तरी व्यंकम्मांनी हार मानली नाही. दागिने विकून त्यांनी मुलाचे शिक्षण चालू ठेवले. तिसऱ्या प्रयत्नात सुब्बाराव उत्तीर्ण झाले आणि पुढे त्यांनी मद्रास वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला. शिक्षणाचा भार हलका व्हावा म्हणून सासऱ्यांनीही साहाय्य केले. १९१९ मध्ये त्यांचा विवाह शेषगिरी यांच्याशी झाला होता.

ते दिवस असहकाराच्या चळवळीचे होते. गांधीजींच्या आवाहनाला प्रतिसाद देऊन सुब्बाराव महाविद्यालयात खादी वापरू लागले. शल्यचिकित्सेच्या इंग्रज प्राध्यापकांना ते रुचले नाही. परिणामी त्यांना एम.बी.बी.एस. ही पूर्ण पदवी न मिळता एल.एम.एस. या दुय्यम प्रमाणपत्रावर समाधान मानावे लागले. त्यामुळे सरकारी वैद्यकीय सेवेचा मार्ग जवळजवळ बंद झाला.

याच सुमारास त्यांच्या घरावर मोठा आघात झाला. संग्रहणीच्या विकाराने त्यांचे दोन भाऊ काही दिवसांच्या अंतराने मरण पावले. या रोगात आतडी अन्नातील सत्त्व शोषून घेऊ शकत नाहीत. रुग्ण जेवत असूनही खंगत जातो आणि त्याच्या अंगातील रक्त कमी होते. पुढे सुब्बाराव स्वतःही याच रोगाने अंथरुणाला खिळले. आयुर्वेदाचे जाणकार डॉ. लक्ष्मीपती यांच्या उपचारांनी त्यांना आराम पडला. त्यानंतर ते मद्रासच्या आयुर्वेद महाविद्यालयात शिकवू लागले. मात्र रोगाचे मूळ कारण काय आणि औषध शरीरात नेमके काय करते, हे प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देत नव्हते. अखेर परदेशी जाऊन संशोधन करण्याचा निर्णय त्यांनी घेतला. काही वर्षांत परत येण्याचे आश्वासन पत्नीला देऊन त्यांनी देश सोडला. ऑक्टोबर १९२३ मध्ये ते अमेरिकेतील बॉस्टन शहरी पोहोचले, तेव्हा त्यांच्याजवळ फारच थोडे पैसे होते.

हार्वर्ड विद्यापीठात उष्ण प्रदेशांतील रोगांचा अभ्यास करण्याची परवानगी त्यांना मिळाली, पण शिष्यवृत्ती मिळाली नाही. उदरनिर्वाहासाठी त्यांनी एका रुग्णालयात रात्रपाळीचे काम पत्करले. रात्री रुग्णांची मलमूत्राची भांडी स्वच्छ करावयाची आणि दिवसा प्रयोगशाळेत शिकावयाचे, असा त्यांचा क्रम होता. तेथेच त्यांना जीवरसायनशास्त्रज्ञ सायरस फिस्के यांच्याबरोबर काम करण्याची संधी लाभली. रक्तातील आणि लघवीतील फॉस्फरसचे प्रमाण रंगाच्या छटेवरून मोजण्याची पद्धत या दोघांनी १९२५ मध्ये प्रसिद्ध केली. ‘फिस्के-सुब्बाराव पद्धत’ या नावाने ती आजही ओळखली जाते. १९२७ मध्ये स्नायूंतील फॉस्फोक्रिएटिन आणि १९२९ मध्ये एटीपी हे द्रव्य त्यांनी वेगळे केले. जर्मनीत कार्ल लोहमान यांनाही त्याच वर्षी स्वतंत्रपणे एटीपीचा शोध लागला होता. सजीवांच्या पेशी आपले काम करण्यासाठी ऊर्जा कोठून मिळवतात, हे समजून घेण्याचा पाया या शोधांनी घातला.

१९३० मध्ये सुब्बारावांना हार्वर्डची पीएच.डी. मिळाली. तरीही विद्यापीठाने त्यांना कायमची नेमणूक दिली नाही. १९४० मध्ये ते न्यूयॉर्क राज्यातील पर्ल रिव्हर येथील लेडर्ले या औषधनिर्मिती संस्थेत गेले आणि लवकरच तेथील संशोधन विभागाचे प्रमुख झाले. अनेक शाखांचे शास्त्रज्ञ आता त्यांच्या मार्गदर्शनाखाली काम करू लागले.

त्यांच्या मनात संग्रहणी आणि रक्तक्षय हे विषय अजूनही घर करून होते. या विषयाचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. इंग्रज संशोधिका ल्युसी विल्स यांनी १९२८ पासून मुंबईत कापड गिरण्यांतील गरोदर स्त्री-कामगारांच्या रक्तक्षयाचा अभ्यास केला होता. यीस्टच्या अर्काने हा रक्तक्षय बरा होतो, असे त्यांना आढळले. त्या अर्कातील गुणकारी घटक कोणता, हे मात्र तेव्हा कळले नव्हते. तो घटक म्हणजे फॉलिक आम्ल, हे पुढील संशोधनातून स्पष्ट झाले. सुब्बारावांच्या सहकाऱ्यांनी १९४५ मध्ये हे आम्ल प्रयोगशाळेत तयार केले. यकृताच्या किंवा यीस्टच्या ढिगांतून ते कणाकणाने वेचण्याची गरज आता उरली नाही. संग्रहणीच्या रुग्णांना ते देताच त्यांचे रक्त वाढू लागले. मात्र ज्या घातक रक्तक्षयावर उपाय शोधण्याची सुब्बारावांची फार वर्षांची इच्छा होती, त्यावर फॉलिक आम्ल पुरेसे ठरले नाही. त्यावरील ब-१२ हे जीवनसत्त्व १९४८ मध्ये इतर संशोधकांनी वेगळे केले.

फॉलिक आम्लाच्या शोधाला पुढे अनपेक्षित वळण मिळाले. बॉस्टनच्या बाल रुग्णालयातील डॉ. सिडनी फार्बर हे रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या बालकांवर उपचार करीत असत. रक्त व अस्थिमज्जा तपासून या रोगाचे निदान करता येत असे, पण निदान झाल्यावर देण्याजोगे औषध नव्हते. बहुतेक बालके काही आठवड्यांत किंवा महिन्यांत दगावत. फार्बर यांनी सुब्बारावांकडून मिळालेली, फॉलिक आम्लाच्या कुळातील संयुगे त्यांना दिली, तेव्हा रोग कमी होण्याऐवजी वाढत असल्याचे त्यांना दिसले. यातून एक महत्त्वाचे सूत्र हाती आले. नवीन पेशी तयार होण्यासाठी फॉलिक आम्ल लागते. कर्करोगाच्या पेशी भराभर वाढतात, म्हणून त्यांनाही ते हवे असते. असे असेल, तर फॉलिक आम्लासारखे दिसणारे, पण त्याचे कार्य रोखणारे द्रव्य दिल्यास या पेशींची वाढ थांबावी. सुब्बारावांच्या प्रयोगशाळेने अशी द्रव्ये तयार केली. त्यांपैकी ॲमिनोप्टेरिन हे औषध १९४७ च्या अखेरीस बालकांना देण्यात आले. जून १९४८ मध्ये फार्बर यांनी सोळा बालकांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांपैकी दहा बालकांमध्ये रोग मागे हटला होता.

ही सुधारणा तात्पुरती होती. काही काळाने रोग परत येई. तरीही रक्ताचा कर्करोग औषधाने मागे हटू शकतो, हे प्रथमच दिसून आले होते. याच कुळातील मेथोट्रेक्सेट हे औषध अधिक उपयोगी ठरले. इतर औषधांच्या जोडीने ते आजही बालकांच्या रक्ताच्या कर्करोगावर दिले जाते. संधिवातावरही ते अल्प मात्रेत वापरतात.

याच काळात त्यांच्या मार्गदर्शनाखाली संसर्गजन्य रोगांवरही संशोधन चालू होते. दुसऱ्या महायुद्धात प्रशांत महासागरातील बेटांवर लढणाऱ्या अमेरिकन सैनिकांना हत्तीरोगाची लागण झाली होती. त्यावर सुब्बारावांच्या चमूने शोधलेले डायइथाइलकार्बामाझिन १९४७ मध्ये जगापुढे आले. भारताच्या हत्तीरोग नियंत्रण मोहिमेत पुढे हेच औषध मुख्य साधन बनले. वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन डुगर यांनी लेडर्लेमध्येच मातीतील एका सूक्ष्मजीवापासून ऑरिओमायसिन हे प्रतिजैविक शोधले. टेट्रासायक्लिन गटातील ते पहिले औषध होय. उष्ण प्रदेशांतील संग्रहणीवर आज फॉलिक आम्ल आणि टेट्रासायक्लिन ही दोन्ही औषधे दिली जातात. ज्या रोगाने सुब्बारावांचे दोन भाऊ नेले, त्यावरील उपचाराच्या या दोन्ही बाजू त्यांच्या देखरेखीखालील प्रयोगशाळेतून पुढे आल्या.

सुब्बारावांनी आपल्या नावाचा कधी गाजावाजा केला नाही. शोधनिबंधांत त्यांचे नाव पुष्कळदा सहकाऱ्यांच्या नावांच्या रांगेत मध्येच कोठेतरी असे. श्रेय वाटून देताना ते स्वतःला मागे ठेवीत. ऑगस्ट १९४८ मध्ये हृदयविकाराने त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांचे वय अवघे त्रेपन्न होते. फार्बर यांचा शोधनिबंध प्रसिद्ध होऊन जेमतेम दोन महिने झाले होते.

या कार्याची किंमत त्यांच्या कुटुंबालाही मोजावी लागली. पतीने काही वर्षांत परत येण्याचे दिलेले आश्वासन शेषगिरींनी मनात जपले होते, पण ते पूर्ण झाले नाही. सुब्बाराव गेल्यानंतर जन्मलेला मुलगा वर्षाच्या आतच दगावला. पित्याला त्याचे मुख पाहता आले नाही. पतिपत्नींची पुन्हा भेट झाली नाही. सुब्बारावांचे जीवन पाहताना त्यांच्या यशाइतकीच ही बाजूही लक्षात घ्यावी लागते.

१९९५ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. त्यांचे नाव आजही फारसे कोणाच्या ओठांवर नाही. परंतु त्यांच्या प्रयोगशाळेत सुरू झालेले काम दवाखान्यांतून आणि रुग्णालयांतून अव्याहत चालू आहे, आणि ज्यांनी सुब्बारावांचे नावही ऐकलेले नाही, अशा असंख्य रुग्णांना त्याचा लाभ होत आहे.